गावावर राहिलेली मैना आणि अस्तित्वात नसलेले राज्य

१/ स्थलांतराचे काव्य म्हणजे सुटलेल्या गावाची आठवण, असा सर्वसाधारण समज आहे. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड मात्र विरहातून निघून तोवर अस्तित्वात नसलेल्या एका राज्यापर्यंत पोहोचते.

२/ १९२० साली वाटेगावात जन्मलेले अण्णा भाऊ लहानपणीच कुटुंबासोबत पायी मुंबईस आले. पडेल ते काम केले, गिरणीतही राबले. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले.

३/ गिरणगावातील असंख्य कामगार एकटेच राहत. दहा-वीस जणांत एक खोली, जेवण खानावळीत. बायको-मुले मात्र कोकणात वा घाटावर. तुटपुंज्या मजुरीत संसार मुंबईत मावत नसे. त्याचा भार गावाकडची शेती आणि तेथील स्त्रिया वाहत. विरह ही गिरणी-अर्थव्यवस्थेची एक अटच होती.

४/ छक्कडीचा नायक गरिबीपायी मुंबईस येतो. तेथील श्रीमंती व दैन्य शेजारी-शेजारी पाहतो. मग कवी एकच झेप घेतो: जी गत मैनेची, तीच खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा, डांग, उंबरगाव ही नावे विरहगीतात येतात.

५/ काळ संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा. मुंबईचे भांडवल मराठी नाही, म्हणून मुंबई महाराष्ट्राची नाही, असा युक्तिवाद तेव्हा केला जाई. त्यावरचे उत्तर या छक्कडीतच आहे: कामगाराचे अर्धे घर गावी आणि अर्धे मुंबईत, मग त्या दोहोंत सीमा कशी आखणार?

६/ १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार, निपाणी म्हैसूर राज्यात, तर डांग व उंबरगाव गुजरातेत राहिले. गोव्याने १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरण नाकारून स्वतःचे वेगळे भवितव्य निवडले. कवीचा नकाशा सर्वांचाच नव्हता, हेही इतिहासाने नोंदवले.

७/ सीमाप्रश्नाच्या सभांत ही छक्कड आजही आठवली जाते, ती नकाशासाठी. तिचा आरंभ मात्र पोटासाठी झालेल्या ताटातुटीचा आहे. भाषेचे राज्य आले. घर न मोडता पोट भरेल असे राज्य, ही तिच्यातली पहिली मागणी, कोणत्याही सीमाआयोगापुढे कधी गेलीच नाही.