आपल्या बॅचची विमाने



स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिही, असा निरोप आला. त्या तुम्ही सगळे लिहिणारच आहात. मी आपल्याच वर्षाच्या, पण उंद्रीत कधी न आलेल्या एका पथकाविषयी लिहिते. आपण १९९६ साली दहावी झालो, त्याच वर्षी बीदरच्या हवाई तळावर वायुसेनेचे ‘सूर्यकिरण’ पथक सुरू झाले. बीदर म्हणजे उदगीरच्या पलीकडे. तिथे मराठीही चालते.

त्याआधी १९८२ पासून हंटर विमानांचे ‘थंडरबोल्ट्स’ होते. हंटर जुनी झाली, पथक थांबले. सूर्यकिरणला मिळाले ‘किरण’. हे वैमानिकांना शिकवण्याचे विमान. शेजारी-शेजारी दोन जागा, एक गुरुजींची, एक विद्यार्थ्याची. हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये ते ज्यांच्या नेतृत्वाखाली घडले ते डॉ. विष्णू माधव घाटगे आपले कोल्हापूरकडचे, जर्मनीत लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली शिकलेले. किरण पहिल्यांदा उडाले १९६४ साली. मी मेकॅनिकलची, आमच्या पुस्तकात प्रांड्टल होते, घाटगे नव्हते.

सहा विमानांनी सुरुवात झाली, पुढे नऊ झाली. दोन विमानांत पाचेक मीटर अंतर, म्हणजे आपल्या वर्गाच्या रुंदीपेक्षाही कमी. बाकीच्यांनी नजर पुढाऱ्याच्या विमानावर ठेवायची, जमिनीकडे बघायचे नाही. त्याची किंमतही मोजावी लागली. मार्च २००६ मध्ये बीदरला सरावात दोन वैमानिक गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळूरला सरावात दोन विमाने एकमेकांवर आदळली, त्यात विंग कमांडर साहिल गांधी गेले.

पण २०११ मध्ये पथक थांबले ते अपघाताने नव्हे. पहिले धडे देणारी ‘दीपक’ विमाने २००९ मध्ये अपघातानंतर जमिनीवर बसवली होती. नव्या मुलांना शिकवायला विमाने अपुरी पडू लागली. मग सूर्यकिरणची किरणे वर्गाकडे वळवली. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही मशीन कमी पडली की आधी डेमोची काढतात, पण तेव्हा केवढी कुरकुर होते! इथे देशभर टाळ्या घेणारे पथक चार वर्षे बंद राहिले. या इतिहासात मला हाच भाग सगळ्यांत मोठा वाटतो. २०१५ मध्ये ‘हॉक’ विमानांवर पुन्हा सुरुवात झाली, २०१७ मध्ये पुन्हा नऊ झाली.

जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर ती पाहिली. प्रार्थनेच्या वेळी आभाळातली पांढरी रेघ बघायला मान वर केली म्हणून मी ओरडा खाल्लेला. त्या दिवशी मान दुखेपर्यंत वर बघितले. लेकीने विचारले, “आई, तुमच्या बॅचची विमाने हीच का?”

“नाही गं. ती अजून शिकवतायत.”