निरोप मित्राला, किल्ली आपल्याकडे

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने पिंपरी, चिंचवड, देहूरोड मागे टाकत गेले की तळेगावनंतर वडगाव मावळ लागते. १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांनी इथे इंग्रजांच्या फौजेला वेढले आणि तह करायला लावला, हे आपण शाळेत वाचलेले असते. महादजी शिंदे आणि नाना फडणवीस ही नावेही पाठ असतात. पण या लढाईला टपालाचीही एक बाजू आहे. तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही.

मुंबईकर इंग्रज राघोबादादांना घेऊन घाट चढत होते, तेव्हा कलकत्त्याच्या इंग्रजांनी मदतीला पाठवलेली दुसरी फौज मध्य हिंदुस्थानातून चालत येत होती. तिचा सेनापती होता कर्नल गोडार्ड. दोघांची कंपनी एक, निशाण एक आणि शत्रूही एकच. तरी मुंबईकर त्याची वाट न पाहता पुढे गेले. तळेगावला पोहोचतात तो मराठ्यांनी गाव जाळून टाकलेले. दाणागोटा मिळेना, मागे फिरावे तर मराठे पाठीवर. अखेर वडगावला कोंडी झाली. या गडबडीत मोहिमेवरच्या समितीकडून गोडार्डला आधी ‘पुढे येऊ नका’ आणि मग ‘परत फिरा’ अशी पत्रे गेली. तिकडे नेमके काय घडले आहे, याचा त्याला पत्ता लागेना. असा हुकूम देण्याचा अधिकार या समितीला नाही, असे ठरवून तो चालत राहिला. बऱ्हाणपूर गाठले आणि फेब्रुवारीअखेर सुरत. पुढच्या दोन वर्षांत अहमदाबाद आणि वसई त्याच्याच फौजेने घेतली.

एकाच बाजूच्या दोन फौजांमध्ये निरोप गेला, की चार प्रश्न उभे राहतात. तो वेळेवर पोहोचला का? वाचणाऱ्याला त्याचा अर्थ कळला का? पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवावा का? आणि वाटेत शत्रूने वाचला तर काय? आज मित्रदेशांच्या सैन्यांमधल्या संदेशवहनाविषयी जे करारमदार होतात, ज्या परिषदा भरतात, त्या सगळ्या या चार प्रश्नांभोवतीच फिरत असतात.

वडगावनंतरच्या वर्षी हे प्रश्न पुणे दरबारापुढेही आले. १७८० मध्ये नाना फडणवीसांनी इंग्रजांविरुद्ध पुणे, हैदराबाद, म्हैसूर आणि नागपूर अशी चौकडी उभी केली. पेशवे, निजाम, हैदर अली आणि भोसले. चौघांनी चार बाजूंनी एकदम उठायचे, असा बेत होता. पुण्याचा कारभार मोडी मराठीत चाले, हैदराबाद आणि म्हैसूरचा दरबारी पत्रव्यवहार फारसीत. मधला दुवा म्हणजे वकील, मुनशी, जासूद आणि सांडणीस्वार. मी मराठीत कविता करणारा माणूस असल्यामुळे शब्दांकडे माझे लक्ष आधी जाते. खबर, वकील, कासीद, हरकारा, फौज, लष्कर, मोहीम, फितूर हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत इतके मुरले, की मावळातल्या शेतकऱ्यालाही ते परके वाटत नाहीत. चारही दरबारांच्या कामकाजात हे शब्द थोड्याफार फरकाने सारखेच होते. म्हणजे भाषेची अडचण बरीचशी सुटलेली होती.

अडले ते विश्वासापाशी. निजामाला गुंटूरचा मुलूख परत मिळाला आणि तो गप्प बसला. भोसल्यांची फौज कटकपर्यंत गेली, पण वॉरन हेस्टिंग्जच्या पैशाने ती थंडावली. लढत राहिले पुणे आणि म्हैसूर. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर छावणीतच वारला. टिपू येऊन पोहोचेपर्यंत त्याच्या कारभाऱ्यांनी ही बातमी दडवून ठेवली. फौज फुटू नये म्हणून त्यांना ते करणे भाग होते. सालबाईचा तह मे महिन्यात ठरूनही नानांनी त्याला मान्यता द्यायचे लांबवले होते. ती त्यांनी त्याच डिसेंबरात दिली. इतिहासकार या दोन घटनांची सांगड घालतात. मित्राला काय कळवायचे, कधी कळवायचे आणि काय आपल्यापाशी ठेवायचे, हा हिशेब त्या काळीही दोन्हीकडून मांडला जात होता.

गुप्तलिपीचे महत्त्वही आपल्याला नवे नाही. पानिपतचा निकाल नानासाहेब पेशव्यांना कळला तो सावकारी भाषेत लिहिलेल्या एका पत्रातून, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. मोती, मोहरा आणि चिल्लर अशा हिशेबात माणसांची हानी सांगितली होती. ज्याला घरची माणसे माहीत होती, त्यालाच तो हिशेब लागला. परक्या दरबारातल्या मित्राच्या हाती ते पत्र पडते, तर त्याला फक्त पैशाचे नुकसान दिसले असते. आपल्या माणसाला कळावे आणि शत्रूला कळू नये, हे एक वेळ साधते. आपली भाषा, आपली माणसे ठाऊक नसलेल्या मित्रालाही कळावे, हे त्याहून अवघड.

ही अडचण बिनतारीने शतपटीने वाढवली. त्या इतिहासाचे एक पान आपल्याच परिसरात आहे. १९२७ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात ‘बीम’ पद्धतीची बिनतारी तारायंत्र सेवा सुरू झाली. तिचे संदेश बाहेर पाठवणारे केंद्र खडकीजवळ दिघीला होते आणि येणारे संदेश पकडणारे दौंडला. त्याच वर्षी जुलैत मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. पुढे ही परदेशी संदेशसेवा १९४७ मध्ये सरकारकडे आणि १९८६ मध्ये विदेश संचार निगमकडे आली. दिघी आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे.

हरकाऱ्याला वाटेत पकडावे लागते. बिनतारीचा संदेश ज्याच्याकडे यंत्र आहे तो घरबसल्या ऐकतो. चावडीवर बोलावे तसे. म्हणून संदेशाला कुलूप आले, आणि मित्राशी बोलायचे तर त्या कुलपाची किल्ली त्यालाही द्यावी लागली.

दुसऱ्या महायुद्धात याची किंमत किती, ते दिसले. अटलांटिकमधून जाणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांसाठी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांची नौदले एकच सामाईक गुप्तलिपी वापरत होती. जर्मनांनी ती फोडली. १९४२ पासून १९४३ च्या मध्यापर्यंत ताफा कुठून निघाला, कुठे वळणार, हे त्यांच्या पाणबुड्यांना पुष्कळदा आधीच कळत होते. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी पिढ्यान्‌पिढ्या कामाला जात. त्या युद्धात हजारो हिंदी खलाशी समुद्रात गेले. कोणाचे जहाज कशामुळे बुडाले, हे त्यांच्या घरच्यांना कोण सांगणार? पण दोस्तांच्या सामाईक कुलपातला कच्चेपणा कोणाच्या जिवावर बेततो, हे यावरून समजावे.

उपाय निघाला तो पाहण्यासारखा आहे. अमेरिकेकडे फार पक्के गुप्तलिपी यंत्र होते, ब्रिटिशांकडे वेगळे. अमेरिका आपले यंत्र ब्रिटिशांना द्यायला तयार नव्हती, सख्खी मैत्री असूनही. मग दोन्ही यंत्रांना बसेल असा एक जोड तयार केला. आपापले यंत्र आपापल्याकडे, आणि एकमेकांशी बोलण्यापुरते तिसरे कुलूप. १९४३ च्या अखेरीपासून ते वापरात आले.

चाकण, भोसरीच्या कामगाराला ही गोष्ट चटकन कळेल. त्याच युद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन बोल्टचे आटे एकमेकांना बसत नव्हते. एकाच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६०. सुटे भाग असून यंत्रे अडून राहत. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी सामाईक आटा ठरवला. विमानतळावर आणि बिनतारीवर ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ म्हणतात, ती अक्षरमाला १९५६ मध्ये पक्की झाली, तीही कोणत्याही देशाच्या उच्चाराला ऐकताना घोटाळा होऊ नये म्हणून. मात्र आटा जुळवताना काही लपवायचे नसते. संदेश जुळवताना लपवायचेही असते. फरक तेवढाच, पण मोठा आहे.

अलीकडे हे सारे औंधच्या लष्करी ठाण्यात पाहायला मिळाले. मार्च २०१६ मध्ये तिथे १८ देशांच्या पायदळांचा ‘फोर्स १८’ हा सराव झाला. विषय होता शांतिसेनेचे काम आणि भूसुरुंग हटवणे. सुरुंग आहे, थांबा, एवढा निरोप एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जायला क्षणभर उशीर झाला तर पाय जातो. भारतीय तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केले. अठरा तुकड्यांत त्या एकट्याच महिला प्रमुख होत्या, आणि त्या संदेशवहन दलाच्या, म्हणजे सिग्नल कोअरच्या अधिकारी. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ची माहिती देताना सगळ्या देशाने त्यांना पाहिले.

सप्टेंबर २०१८ मध्ये दोन घटना चार दिवसांच्या अंतराने घडल्या. ६ तारखेला दिल्लीत भारत-अमेरिका संदेशवहन सुरक्षेच्या ‘कॉमकासा’ करारावर सह्या झाल्या. त्यामुळे अमेरिकी बनावटीच्या विमानांवर त्यांची खास गुप्त संदेशयंत्रे बसवण्याची वाट मोकळी झाली. तोवर आपली काही विमाने बाजारात मिळणाऱ्या यंत्रांवर काम भागवत होती. हा करार वर्षानुवर्षे रखडला होता. दुसऱ्याचे कुलूप आपल्या दाराला लावले तर आपल्या घरात काय चालले आहे ते त्याला दिसेल, ही शंका त्यामागे होती. तिला भित्रेपणा म्हणता येणार नाही. अमेरिकेने ब्रिटनबाबत केला तोच हा विचार.

१० तारखेला औंधला बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा, म्हणजे बिमस्टेकचा, पहिला लष्करी सराव सुरू झाला. नेपाळने ऐन वेळी तुकडी पाठवायचे टाळून फक्त निरीक्षक पाठवले. ज्यांची भाषा आपल्याला कळते, ज्यांचे हजारो जवान आपल्या सैन्यात आहेत, त्या शेजाऱ्याच्या राजकारणात संशय जागा झाला, की जुळलेल्या यंत्रांचाही उपयोग होत नाही.

यातून एवढेच दिसते, की मित्रांना निरोप द्यावा लागतो, आणि तो त्यांना कळेल अशा भाषेत द्यावा लागतो. त्यासाठी सामाईक शब्द, सामाईक पद्धत, सामाईक कुलूपही लागते. पण घरच्या तिजोरीची किल्ली निराळी ठेवावी. आपल्या प्रयोगशाळांनी आणि कारखान्यांनी स्वतःची संदेशयंत्रे घडवली पाहिजेत ती याचसाठी. आणि करार कागदावर झाला तरी तो निभावतो, की नाही, हे कळते रात्री-अपरात्री सीमेवर किंवा समुद्रात बिनतारी कानाला लावून बसलेल्या पोराला. पलीकडून आलेला आवाज मित्राचा आहे, याची त्याला खात्री हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)