शिकार गेली, शब्द राहिले

बारामती-इंदापूरच्या माळांवर आजही चिंकारा दिसतो. १९७२च्या कायद्याने शिकारीला चाप लावला. १९९७ मध्ये सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झाले.

शिकार थांबली, तरी बंदुकीचे शब्द आपल्यात राहिले. अरबी ‘बुंदुक’ म्हणजे मुळात एक गोल कवचफळ, मग गोळी, त्यावरून बंदूक. दस्ता फारसी, काडतूस पोर्तुगीज, नळी घरचीच. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू भरून ती गजाने ठासत. चाप ओढला की घोडा पडे. दस्ता खांद्यात बसावा, गाल टेकताच डोळा नळीच्या रेषेत यावा. तरच बंदूक मापाची.

शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले. लोकांच्या तोंडी मात्र बंदूकच राहिली. आजही आपला एखादा बार फुसका निघतोच! हे शब्द टिकावेत, आणि माळावरचा चिंकाराही.