शेवाळीच्या रांगेतून सुटलेली वनस्पती: सिलाजिनेलाच्या वंशाचा शोध

लाइपझिग, १८५१. संगीताच्या पुस्तकांचे प्रकाशन व विक्री करणाऱ्या घराण्यातील एक तरुण वनस्पतिशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध करतो. त्याने विद्यापीठात शिक्षण घेतलेले नाही. दृष्टी इतकी अधू की वस्तू डोळ्यांशी धरल्याखेरीज दिसत नाही. या तरुणाचे नाव विल्हेल्म होफमाइस्टर. त्याच्या ग्रंथातील एक कळीचा पुरावा म्हणजे ओलसर खडकांवर पसरणारी, सहज पायदळी जाणारी सिलाजिनेला.

तोवर या वनस्पतीची ओळखच चुकलेली होती. लिनियसने १७५३ मध्ये तिच्या युरोपीय जातीला लायकोपोडियम या प्रजातीत घातले आणि ती सारी प्रजातीच शेवाळींच्या रांगेत बसवली. दिसते शेवाळीसारखी, म्हणून शेवाळी! पालिसो द बोव्हा या फ्रेंच अभ्यासकाने १८०५ मध्ये तिला सिलाजिनेला हे स्वतंत्र नाव दिले. नाव मिळाले, पण नाते कळले नाही.

ते होफमाइस्टरने दाखवले. सिलाजिनेलाला दोन प्रकारची बीजुके असतात: असंख्य सूक्ष्म लघुबीजुके आणि मोजकी, टपोरी गुरुबीजुके. नेच्याच्या बीजुकापासून जमिनीवर स्वतंत्र, इवलीशी गंतुकधारी पिढी वाढते. सिलाजिनेलात मात्र स्त्री-गंतुकधारी बीजुकाच्या कवचातच आकार घेते. सूचिपर्णी वृक्षांत हीच पिढी बीजकाच्या आत दडलेली असते. म्हणजे शेवाळी, नेचे, सिलाजिनेला आणि देवदार या साऱ्यांच्या जीवनक्रमात पिढ्यांच्या एकांतरणाचे एकच सूत्र आहे. डार्विनचा ग्रंथ यायला अजून आठ वर्षे होती, हे विसरता कामा नये.

येथे एक गैरसमज मात्र टाळायला हवा. सिलाजिनेला ही सबीज वनस्पतींची पूर्वज नव्हे. तिची शाखा ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच वेगळी झाली आणि दोन प्रकारची बीजुके दोन्ही वंशांत स्वतंत्रपणे उद्भवली. तिचे खरे भाऊबंद वेगळेच. कार्बोनिफेरस काळातील दलदलींत उंच वाढून पुढे दगडी कोळसा झालेले लेपिडोडेंड्रॉन वृक्ष त्यांतले. आयसोइटिसही त्यांतलीच, तिच्या एका जातीला पाचगणीचे नाव मिळाले आहे.

कुळाच्या आतली विभागणी आणखी अवघड ठरली. १८८७ मध्ये जॉन बेकरने पाने व शंकू पाहून चार उपप्रजाती केल्या. १९८६ मध्ये जर्मीने पाच. दोघांचाही भर बाह्यरूपावर. लहान-मोठ्या पानांच्या रांगा असलेल्या बहुसंख्य जाती ‘स्टॅकिजिनँड्रम’ या एकाच प्रशस्त गटात गेल्या. संजीवनी म्हणून बाजारात विकली जाणारी, वाळून गुंडाळलेली आणि पाणी मिळताच उलगडणारी ब्रायोप्टेरिस ही जातीही अशाच पानांची. (रामायणातील संजीवनी हीच, हे मात्र कोणीही सिद्ध केलेले नाही.)

२००२ मध्ये पेट्रा कोरॉल आणि पॉल केनरिक यांनी हरितकणूंतील एका जनुकाचा क्रम ताडून पाहिला आणि तो प्रशस्त गट कोसळला. त्यातील जाती एका पूर्वजाच्या वंशज नव्हत्याच. त्या वंशवृक्षावर ठिकठिकाणी विखुरलेल्या निघाल्या. उलट लिनियसने पाहिलेली ती युरोपीय जाती आणि तिची हवाई बेटांवरील एकुलती जोडीदारीण बाकी सर्व जातींपासून सर्वांत आधी फुटलेल्या शाखेवर सापडल्या.

आज सुमारे ७०० जाती ज्ञात आहेत. २०१६ मध्ये अनेक तज्ज्ञांनी मिळून केलेल्या वर्गीकरणात त्या एकाच प्रजातीत राहिल्या. २०२३ मध्ये मात्र एका प्रस्तावाने त्या १९ प्रजातींत विभागल्या. हा दुसरा पक्ष रुजला, तर नामकरणाच्या नियमानुसार ‘सिलाजिनेला’ हे नाव मूळ नमुना-जातीकडेच, म्हणजे त्या युरोपीय जातीच्या छोट्या शाखेकडे राहील आणि बाकी शेकडो जातींना नवी नावे घ्यावी लागतील.