घरगुती विमान आणि तारेचा पीळ

आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं शिवणयंत्र असेल. कांहीं महिने तें चालविलें कीं त्याचा एखादा मळसूत्री खिळा सैल होतो, यंत्र खडखडूं लागतें, आणि घरांतलें कोणी तरी पेंचकस घेऊन तो खिळा पुन्हां आंवळून टाकतें. एवढ्यावर प्रकरण मिटतें. परंतु असाच खिळा जमिनीपासून हजार फुटांवर, विमानाच्या सुकाणूच्या सांध्यांत सैल झाला तर? तेथें पेंचकस घेऊन धांवणारा कोणी नसतो. कारखान्यांत नव्हे, तर घराच्या आवारांत विमानें बांधणाऱ्या हौशी माणसांनीं या प्रश्नाला कसें उत्तर दिलें, तें आज मी आपणांस सांगणार आहें.

विमानाचा जन्मच मुळीं घरगुती होय. अमेरिकेंतील डेटन गांवीं राइट बंधूंचें सायकलींचें दुकान होतें, आणि १९०३ सालचें त्यांचें यंत्र त्या दुकानाच्या कसबांतूनच घडलें. इंजिनाची शक्ति सायकलीच्या धर्तीवर, सांखळ्या व दातेरी चक्रें यांच्या द्वारें, दोन प्रोपेलरांपर्यंत नेलेली होती. नोव्हेंबर महिन्यांत किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांत यंत्राची चांचणी चालू असतां इंजिनाच्या धक्क्यांनीं हीं चक्रें दांड्यांवर सैल होऊं लागलीं. चाक्या कितीहि आंवळल्या तरी थोड्याच वेळांत स्थिति पूर्ववत्! अखेर सायकलचा धंदाच कामीं आला. टायर चिकटविण्याचें सिमेंट त्यांनीं घेतलें, दांडे व चक्रें तापविलीं, वितळलेलें सिमेंट आट्यांत ओतलें आणि सर्व पुन्हां जुळविलें. तीं चक्रें मग हललीं नाहींत. पुढें एक दांडा तडकला, म्हणून नवे भरीव पोलादी दांडे करून आणावे लागले. आणि १७ डिसेंबर रोजीं तें यंत्र प्रथम १२ सेकंद व १२० फूट उडालें. यंत्राच्या त्या पहिल्या उड्डाणाआधीं सैल झालेल्या चाकीशीं असा झगडा द्यावा लागला होता.

चाकी सैल कां होते? आटे म्हणजे बोल्टाभोंवतीं गुंडाळलेला एक उतारच होय. त्या उतारावर चाकी स्थिर राहते ती केवळ घर्षणामुळें. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकूं लागले, कीं प्रत्येक सरकण्याबरोबर घर्षणाची पकड क्षणभर सुटते, आणि तेवढ्या क्षणांत चाकी किंचित् उलट फिरते. आडव्या थरथरीचा हा परिणाम जर्मन इंजिनिअर गेर्हार्ड युंकर यानें १९६९ मध्यें प्रयोगानें स्पष्ट करून दाखविला. विमानाचें इंजिन मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे घेतें. अर्थात् अशा क्षणांची तेथें वाण नसते.

यावरचा उपाय दिसण्यांत अगदीं क्षुल्लक आहे. बोल्टाच्या डोक्याला आडवें भोंक पाडतात, त्यांतून गंज न चढणाऱ्या पोलादाची बारीक तार ओंवतात, तिच्या दोन्ही पदरांना पीळ देतात, आणि ती शेजारच्या बोल्टाला किंवा एखाद्या पक्क्या भागाला नेऊन बांधतात. नेहमींच्या वापरांतली तार इंचाच्या बत्तीस सहस्रांश, म्हणजे सुमारें ०.८ मिलिमीटर जाडीची असते, व तिला दर इंचास सहा ते आठ पीळ असावे लागतात. पीळ कमी पडले तर तार ढिली राहते. अधिक झाले तर ती ताठून तुटण्याचा संभव असतो. मुख्य नियम हा कीं, तारेची ओढ बोल्ट आंवळण्याच्या दिशेनेंच असली पाहिजे. उलट बाजूनें बांधलेली तार डोळ्यांना तितकीच सुबक दिसते, पण बोल्ट फिरूं लागला म्हणजे ती त्याला मुळींच अडवीत नाहीं. शेवटचें टोंक आंत वळवावयाचें, नाहीं तर तें दुसऱ्याचा हात फाडतें. एकदां काढलेली तार पुन्हां वापरावयाची नाहीं. आणि भोंकें नीट समोर येत नाहींत म्हणून बोल्ट थोडा सैल करावयाचा, हें तर वर्ज्यच. त्यापेक्षां वॉशर किंवा बोल्टच बदलावा. तार बोल्टाला आंवळीत नाहीं. आंवळलेला बोल्ट तसाच राहील एवढेंच ती पाहते.

पहिल्या महायुद्धानंतर घरीं विमान बांधण्याची हौस फोफावली. मिनेसोटा संस्थानांतील चेरी ग्रोव्ह या खेड्यांत बर्नार्ड पीटनपोल या स्वयंशिक्षित कारागिरानें फोर्ड मोटारीचें इंजिन लांकडी विमानावर चढविलें. १९३२ मध्यें त्याच्या विमानाचे नकाशे छापून निघाले, आणि त्यांवरून आजहि विमानें बांधलीं जातात. फ्रान्समध्यें आंरी मिन्ये यानें १९३३ मध्यें एक चिमुकलें विमान उडविलें व पुढील वर्षीं त्यावर पुस्तक लिहिलें. ज्याला लांकडी खोकें ठोकतां येतें त्याला विमानहि बांधतां येईल, अशी त्याची श्रद्धा होती. त्याच्या ‘आकाशांतल्या पिसवे’नें फ्रान्स व इंग्लंड या दोन्ही देशांत लोकांना वेड लावलें. पण अपघात होऊं लागले. १९३६ मध्यें परीक्षा झाली तेव्हां कळलें कीं, पुढचा व मागचा पंख एकमेकांच्या हवेंत असे गुंततात, कीं विमानानें एकदां खोल सूर मारला म्हणजे तें पुन्हां वर काढतां येत नाहीं. हा दोष रचनेचा होता. कितीहि तारा पिळल्या असत्या तरी तो गेला नसता.

परंतु याची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. १७ सप्टेंबर १९६१ रोजीं शिकागोच्या विमानतळावरून नॉर्थवेस्ट कंपनीचें एक मोठें इलेक्ट्रा विमान उडालें. वर चढत असतां तें उजवीकडे कलूं लागलें, तो कल आवरेना, आणि अल्पावधींतच तें कोसळून आंतील सर्व ३७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. चौकशींत असें दिसून आलें कीं, पंखांच्या मागील हलत्या फळ्यांना साहाय्य करणारें यंत्र जुलै महिन्यांत बदलतांना एका केबलच्या जोडावर सेफ्टी वायर बांधावयाची राहून गेली होती. सुमारें दोन महिने तो जोड थोडाथोडा फिरत राहिला व अखेर सुटला. विमानाची रचना निर्दोष, वैमानिक अनुभवी, कंपनी मोठी. उणीव होती ती केवळ वीतभरहि नसलेल्या तारेची.

ज्या व्यवस्थेंत कारागीर, तपासनीस व अधिकारी यांची उतरंड असते, तेथें हें घडलें. मग घरीं विमान बांधणाऱ्यानें काय करावें? अमेरिकेंत १९५३ मध्यें पॉल पोबेरेझ्नी यानें मिलवॉकी येथें हौशी विमानकारांची संघटना स्थापन केली. तेथील कायदा असा आहे कीं, विमानाचें अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसांनीं स्वतः केलेलें असावें; आणि बांधणाऱ्याला पुढें आपल्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा परवानाहि मिळूं शकतो. म्हणजे बोल्ट आंवळणारा, तार पिळणारा, तपासणारा आणि बहुधा त्यांत बसून उडणाराहि एकच! हें स्वातंत्र्य मोठें, पण त्यांत एक धोका आहे. आपली चूक आपल्याच डोळ्यांना सहसा दिसत नाहीं. म्हणून त्या संघटनेनें अनुभवी सभासदांची अशी योजना केली कीं, कोणी बोलाविल्यास त्यांनीं त्याच्या घरीं जाऊन अपुरें विमान पाहावें व सांधे झांकले जाण्यापूर्वीं दोष दाखवावे. आंवळून झालेल्या बोल्टावर रंगाची रेघ ओढण्याची चालहि यासाठींच आहे. ती रेघ तुटलेली दिसली कीं बोल्ट हलला हें दुसऱ्यालाहि कळतें.

आपल्या मुंबईंतहि अशी हौस जन्मली आहे. कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव या वैमानिकानें सहा आसनांचें विमान बांधलें. २०१६ मध्यें तें मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें व २०१७ मध्यें त्याची सरकारदरबारीं नोंद झाली. अशा विमानापुढें उभें राहिलें कीं आपली दृष्टि पंखांकडे जाते, इंजिनाकडे जाते. जाणता माणूस मात्र प्रथम खालीं वांकून बोल्टांची डोकीं पाहतो. तार आहे ना, तिचा पीळ कोणत्या बाजूस ओढतो, टोंक वळविलें आहे ना, एवढें तो निरखतो. आणि हें विमान बांधणाऱ्या हाताची परीक्षा त्याला तेथेंच होते. ज्यानें रात्रीं एकट्यानें, कोणी पाहत नसतां, शेवटच्या बोल्टालाहि पहिल्याइतक्याच काळजीनें तार बांधली, त्याच्या विमानांत आपण आपल्या मुलाला बसवूं शकतों.