रक्तवाहिनी विस्फारण

रक्तवाहिनीच्या भित्तीतील अरेखित स्नायू सैल पडून तिची पोकळी रुंदावण्याची क्रिया. दाब तोच राहून त्रिज्या दुप्पट झाली, तर प्रवाह १६ पट होतो. म्हणून किंचित रुंदावण्यानेही मोठा फरक पडतो. व्यायामानंतर चेहरा लाल होतो, तो त्वचेतील वाहिन्या रुंदावून उष्णता बाहेर टाकत असल्यामुळे. वाहिनीच्या अंतःस्तरात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड वायू स्नायूंना सैल करतो. इतक्या साध्या वायूने शरीरात निरोप पोचवावा, हा शोध विलक्षणच. त्यासाठी फर्चगॉट, इग्नॅरो व म्युराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयशूळावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळीतूनही शरीरात हाच वायू तयार होतो. तिने रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो, म्हणून ती बसूनच घ्यावी.