वर्ध्याचा तांदूळ आणि बिनआवाजाचं रडणं

आमची आष्टी तांदळाची नाही. वर्धा जिल्ह्यातलं हे गाव लोकांना १९४२ च्या ऑगस्टसाठी माहीत. जेवणाचं म्हणाल तर ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण; आजीच्या लहानपणी भात म्हणजे सणावाराला. त्यामुळे पीएचडीच्या पहिल्या वर्षी एक गोष्ट मला लगेच खटकायला हवी होती. ती खटकली नाही.

१४ डिसेंबर १९३४ ला वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. सचिव जे. सी. कुमारप्पा, मुक्काम मगनवाडी. गिरणीचा पांढरा तांदूळ सोडा, हातसडीचा खा, हा संघाचा सुरुवातीपासूनचा आग्रह. सल्लागारांच्या यादीत टागोर, सी. व्ही. रामन, आणि त्यांच्याबरोबर रॉबर्ट मॅकॅरिसन. हे सरकारी डॉक्टर, तमिळ डोंगरातल्या कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक. १९१८ पासून त्यांचं काम बेरीबेरीवर, म्हणजे थायामिन (जीवनसत्त्व ब१) कमी पडून नसा आणि हृदय निकामी करणाऱ्या रोगावर. मी दोन आणि दोन चार केले आणि मसुद्यात लिहून टाकलं: वर्ध्यातल्या बेरीबेरीवर उपाय म्हणून हातसडीचा तांदूळ. गाईडनी समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं, ‘वर्ध्यात बेरीबेरी कुणाला झाला?’

उत्तर शोधताना नकाशा वर्ध्यातून थेट आंध्र किनाऱ्यावर गेला. तेव्हाच्या मद्रास इलाख्यात भात खाणारे पुष्कळ. पण बेरीबेरी ठाण मांडून होता तो उत्तरेकडच्या किनारपट्टीत. तमिळ जिल्हे आणि मलबार जवळजवळ मोकळे. गरिबी दोन्हीकडे, गिरण्याही दोन्हीकडे. फरक होता तो उकड्या तांदळाचा. कोकणातल्या वाचकाला हे सांगायला नको: भात तुसासकट भिजवून वाफवला की कोंड्यातलं थायामिन दाण्याच्या आत मुरतं, मग गिरणीनं घासलं तरी बरंचसं टिकतं. किनारपट्टीत तांदूळ कच्चा सडायचे. वर तो दोनतीन पाण्यांत धुवायचा आणि पेज ओतून द्यायची. थायामिन पाण्यात विरघळतं, उरलंसुरलं तिथे जायचं.

संशोधन शिकणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं असं मला वाटतं. आपण रोग आहे तिथे माहिती गोळा करतो. इथे कोडं सुटायला मदत झाली ती रोग नसलेल्या जिल्ह्यांची.

मॅकॅरिसन १९३५ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या डब्ल्यू. आर. ॲक्रॉइड यांनी कृष्णन यांच्याबरोबर १९४१ मध्ये याच पट्ट्यातल्या अर्भकमृत्यूंवर निबंध लिहिला. माझ्या मते हा या इतिहासाचा सगळ्यात जड भाग. आईला फार तर पायांना मुंग्या येतात, कधी तेही नाही. पण तिच्या दुधात थायामिन नसतं. दोन-चार महिन्यांचं, दिसायला बाळसेदार मूल अचानक दूध ओकतं, धाप लागते. काहींचा आवाज जातो. तोंड रडण्यासाठी उघडतं, पण आवाज येत नाही. सात-नऊ महिन्यांच्या मुलांत पापण्या गळतात, डोळे थरथरतात, झटके येतात, आणि डॉक्टरलाही मेंदूज्वर वाटतो. मेंदू साखरेवर चालतो, आणि ती साखर जाळायला थायामिन लागतं. शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. वेळेत इंजेक्शन मिळालं तर काही तासांत मूल सुधारायला लागतं. कुणी ओळखलंच नाही तर नोंदवहीत झटके किंवा ताप एवढंच उरतं.

मगनवाडीच्या वादात हे मूल फारसं नाही. तिथे मुद्दे दोन: मोठ्या माणसाच्या अन्नाचा कस, आणि गिरणीमुळे बायकांचं गेलेलं कांडपाचं काम. दुसरा मुद्दा मला आजही खरा वाटतो. पण ज्या आईनं कांडायचं तीच पाजणारी, हा धागा कुणी ओढला असता तर!

थायामिनचा तुटवडा मेंदूत काय ठेवून जातो, हे पुढे एका अपघातानं दिसलं. २००३ मध्ये इस्रायलमध्ये सोयाच्या एका डबाबंद दुधात थायामिन जवळजवळ नव्हतंच, डब्यावर मात्र छापलेलं होतं. काही बाळं दगावली. बाकीच्यांवर आविवा फत्ताल-वालेव्स्की आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. बाळपणी ज्यांच्यात ठळक लक्षणं दिसली नव्हती अशी मुलं पाच-सात वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांना वाक्यरचना आणि शब्द आठवणं जड जात होतं.

माझं ते वाक्य खोडलं. समासातली पेन्सिल मात्र मी पुसलेली नाही, आणि प्रकरण आता वर्ध्याऐवजी गंजाम-विशाखापट्टणपासून सुरू होतं.